दोनशे एकतीस नंबरचा शर्ट

आमच्या घरात भिंतीवरची घड्याळं नऊ आहेत आणि एकाचीही वेळ दुसऱ्याशी जुळत नाही. सगळी सत्काराची. गेली नऊ वर्षं हल्ल्याच्या स्मृतिदिनाला बाबांना बोलावतात, कोटाला फूल टोचतात, हातात खोकं ठेवतात, आणि खोक्यातून घड्याळ निघतं. पहिलं आम्ही कौतुकाने बाहेरच्या खोलीत लावलं. मग स्वयंपाकघरात, मग दुकानात. एक न्हाणीघरात आहे, ते वाफेने कायमचं पावणेचारला थांबलंय. बाबा म्हणतात, "ऐंशीच्या माणसाला घड्याळ देतात. किती उरलंय ते बघत बस म्हणून."

बाबा आता एक्याऐंशीचे. मी त्रेपन्नची, गुडघ्यांनी मोजलं तर सत्तरची. खाली आमची लाँड्री आणि वर दोन खोल्या. दुकान बाबांनी सैन्यातून सुटून आल्यावर काढलं, कारण त्यांना दुसरं काही येत नव्हतं. लोकांना वाटतं माजी सैनिक म्हटला की बंदूक. बाबांनी बंदूक धरली ती शिकण्यापुरती. बाकी सगळी नोकरी छावणीच्या धुलाईघरात गेली. कपड्यांवर नंबर घालायचं काम त्यांचं. चारशे माणसांचे एकसारखे कपडे एकाच हौदात पडायचे, तेव्हा प्रत्येक जवानाचा नंबर न पुसणाऱ्या काळ्या शाईने कॉलरच्या आत, पँटच्या पट्ट्याच्या आत आणि मोज्याच्या तोंडाशी लिहिलेला असायचा. बाबांना ती माणसं नावांनी आठवत नाहीत, नंबरांनी आठवतात. फार तर टोपणनावांनी.

ही सवय त्यांनी घरी आणली. त्यांचा स्वतःचा नंबर सात. म्हणून आई सात-एक आणि मी सात-दोन. माझ्या शाळेच्या गणवेशापासून लग्नातल्या रुमालापर्यंत सगळ्यावर तो आकडा आहे. माझं लग्न झालं तसा जावयालाही नंबर मिळाला, सात-तीन. आमचे हे म्हणाले, "तुरुंगातसुद्धा एकच आकडा देतात, इथे तर खाली टीपही आहे." आई जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या चादरी विरल्या, मी त्यांची फडकी केली, तरी फडक्याच्या कोपऱ्यात सात-एक दिसतंच. "कापड जातं, शाई राहते," हे बाबांचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाइकांना वाटतं म्हातारा शाईची जाहिरात करतोय.

हल्ल्याची गोष्ट आम्हाला तोंडपाठ आहे, म्हणजे बाबा सांगायचे तेवढी. सुट्टीचा दिवस होता. युद्ध अजून जाहीरही झालं नव्हतं. निम्मी छावणी अंथरुणात, निम्मी नळावर. सात वाजून दहा मिनिटांनी डोंगराच्या मागून विमानं आली. वीस मिनिटांत एकशे त्रेसष्ट माणसं गेली. धोक्याचा भोंगा वाजला तो विमानं परत गेल्यावर. ज्याने तो वाजवला त्याला पुढे जन्मभर सगळे भोंगेवाला म्हणत राहिले. बिचारा दर वर्षी समारंभाला यायचा, बाबांच्या शेजारी बसायचा, आणि भोंगा वाजला की मान खाली घालायचा. यंदा तोही गेला. म्हणजे त्या सकाळचे आता एकटे बाबा उरले.

स्मृतिदिनाच्या तीन दिवस आधी कार्यक्रम विभागातल्या मुलीचा फोन आला. गोड आवाज, पण दमलेला. तिलाही वरून कुणीतरी पिडत असणार.

"सर दोन मिनिटं बोलतील ना?"

"विचारते."

"दोनच हं. नंतर मोठे साहेब बोलणार आहेत."

"ते किती मिनिटं?"

"ते साहेबांवर आहे. आणि ताई, यंदा सर एकटेच आहेत ना, म्हणून विशेष सत्कार ठेवलाय."

"मोठं घड्याळ?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी बाबांचा कोट काढला. दर वर्षी तो मी बाजूच्या शिवणीत आत घेते. माणूस आटत चाललाय आणि कोट तेवढाच. शिवणीच्या आत आता इतकं कापड साठलंय की अजून एक बाबा त्यात मावतील.

कोटाबरोबर एक खाकी शर्ट असतो. तो आम्ही कुणी हाताळायचा नाही. दर वर्षी याच सुमाराला बाबा तो कागदातून काढतात, स्वतः हाताने धुतात, इस्त्री करतात आणि परत कागदात ठेवतात. घालत कधीच नाहीत. मी समजत होते, जुन्या नोकरीची आठवण. म्हाताऱ्या माणसांचं असतं काहीतरी एक.

यंदा इस्त्री शर्टावर कमी आणि बोटांवर जास्त फिरत होती. चटका बसला तरी सोडेनात. शेवटी मी त्यांना बाजूला बसवलं, हात पाण्यात घालायला लावला आणि शर्ट ओढून घेतला. कॉलर उलटी केली. आम्ही कॉलर आधी आतून इस्त्री करतो.

आत लिहिलं होतं, २३१.

मी दोनदा पाहिलं. शाई तीच, अक्षर बाबांचंच, दोनच्या शेपटीला तोच बाक.

"बाबा, हा शर्ट तुमचा नाही."

"मी कधी म्हटलं माझा आहे?"

खरंच कधी म्हटलं नव्हतं.

"मग कुणाचा?"

"शिट्टीचा." त्यांनी पाण्यातून हात काढला आणि समोरच्या ढिगातून एक रुमाल ओढून घडी घालायला लागले. बाबांना बोलायचं असलं की हाताला काम लागतं. "एकोणीस वर्षांचा होता, माझ्याच वयाचा. सारखी शिट्टी मारायचा, म्हणून शिट्टी. त्या दिवशी सात वाजता त्याचा उत्तरेच्या फाटकावर पहारा होता. सातला दहा मिनिटं असताना आला माझ्याकडे. म्हणे, शर्ट दे. त्याचा शर्ट ओला. दोन दिवस ऊन नव्हतं, तारेवर तसाच लोंबत होता. दुसरा फाटलेला. उघड्या अंगाने पहाऱ्यावर गेला असता तर सुभेदाराने सोलून काढला असता."

"मग?"

"मग पैलवानाचा वाळलेला होता. एकशे अठ्ठावीस. तो दिला. म्हटलं, संध्याकाळी परत आण. एकाचा कपडा दुसऱ्याला द्यायची सक्त मनाई होती. पण आम्ही द्यायचो. सगळेच द्यायचे." रुमालाची घडी झाली, त्यांनी दुसरा घेतला. "पैलवान म्हणजे हा एवढा. त्याच्या शर्टात शिट्टी म्हणजे खुंटीला कोट. बाह्या हाताच्या खाली लोंबायला लागल्या. मी म्हटलं, थांब, असा जाऊ नकोस. दोन्ही बाह्यांना दोन-दोन घड्या घातल्या. त्यात पाच-सात मिनिटं गेली."

मी इस्त्री उभी केली. तीन दिवसांत पन्नास कपडे द्यायचे होते, पण ते तसेच राहू दिले.

"विमानं आली तेव्हा तो पाण्याच्या टाकीपाशी असणार. वाटेवर. वेळेवर निघाला असता तर फाटकावर पोचला असता. फाटकाला काही झालं नाही. एक गोळा पडला नाही तिथे." बाबांनी रुमाल बाजूला ठेवला. "धुलाईघरालाही काही झालं नाही. बाहेर आलो तर सगळी छावणी जळत होती आणि तारेवर चारशे माणसांचे कपडे वाळत होते."

हे त्यांनी आजवर कधी सांगितलं नव्हतं.

"दुपारी साहेबांनी मला बोलावलं. मैदानावर रांगा लावल्या होत्या. गळ्यात घालायचे बिल्ले तेव्हा सगळ्यांना मिळाले नव्हते, आणि चेहरे... जाऊ दे. कपड्यांवरचे नंबर तूच घातलेस, म्हणाले, तूच वाच. एक कारकून बरोबर. मी कॉलर उलटी करायची, पँट-मोजे बघायला वेळ नव्हता, नंबर म्हणायचा, त्याने यादीत बघून नाव लिहायचं. पुढे. कॉलर, नंबर, पुढे. साठ-सत्तर झाल्यावर माणूस वाचत नाही गं, तोंड आपोआप बोलतं. एका ठिकाणी मी म्हटलं, एकशे अठ्ठावीस. कारकुनाने लिहिलं. आणि मग मला बाह्या दिसल्या."

"घड्या."

"माझ्याच घड्या. दोन-दोन. कारकून पुढच्याजवळ जाऊन उभा राहिला होता. म्हणाला, हं? आणि मी पुढचा नंबर वाचला."

एवढं सांगून ते रुमालांच्या घड्याच घालत बसले. बाकीचं मी एकेक प्रश्न विचारून काढलं, जिवंत दातासारखं. पैलवानही त्या सकाळी गेलाच होता, पण नळावर, नुसत्या लंगोटावर. त्याच्या अंगावर नंबर नव्हता, म्हणून तो अनोळखी लोकांत गेला. शिट्टीला पैलवान समजून बंद पेटीतून पैलवानाच्या गावी पाठवलं. आणि शिट्टीचा हिशेब कुठेच लागेना. फाटकावरच्या आधीच्या पहारेकऱ्याने सांगितलं, सातला कुणी आलंच नाही. मग कागदावर चढलं, पहारा सोडून बेपत्ता. साध्या भाषेत, पळाला. स्मारकाच्या दगडावर एकशे त्रेसष्ट नावं आहेत, त्यांत शिट्टी नाही.

"तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"तीन आठवड्यांनी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, त्या घरच्यांचं रडून झालंय, आता पेटी उकरून काढायला सांगू का त्यांना? आणि मनाई असताना कपडा दिलास त्याचं काय? मी म्हटलं, नाही साहेब." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एकदा सांगून झालं. दुसऱ्यांदा सांगायला धीर लागतो. तो आलाच नाही कधी."

"आईला माहीत होतं?"

"सात-एकला सगळं माहीत होतं. ती म्हणायची, जा आणि सांग त्या बाईला. म्हणून तर आमची भांडणं व्हायची. तुला वाटायचं, मी शाई सांडतो म्हणून."

त्या बाईला, म्हणताच माझ्या डोक्यात उजेड पडला. स्मारकाभोवती लोखंडी जाळी आहे. आत निमंत्रितांच्या खुर्च्या, बाहेर बघे. दर वर्षी जाळीबाहेर एक बाई हातात दोन-चार फुलं घेऊन उभी असते. मी लहान होते तेव्हा तरुण होती, आता म्हातारी आहे. आणि दर वर्षी बाबा मला मागच्या फाटकाने आत नेतात. कारण विचारलं की म्हणायचे, पुढे गर्दी असते. माझा जन्म गेला, मला पुढे कधी गर्दी दिसली नाही.

"बहीण?"

"बहीण. तेव्हा नऊ वर्षांची होती."

मला राग आला. कुणाचा ते नीट सांगता येणार नाही. म्हणजे बाबांचा आलाच, पण समोर एक्याऐंशी वर्षांचा माणूस भाजलेल्या बोटांनी रुमालांच्या घड्या घालतोय, त्याच्यावर राग धरून उभं राहायलाही ताकद लागते, आणि मी सकाळपासून उभीच होते.

"यंदा सांगणार आहे," ते म्हणाले. "भोंगेवाला होता तोवर वाटायचं, आहे अजून कुणीतरी. आता मी गेलो की ती गोष्टच गेली. मग तो कायमचा पळालेला."

"ती चारचौघांत ओरडली तर?"

"ओरडू दे. बासष्ट वर्षं उशीर झालाय, एवढं तर होणारच."

मी शर्टाला इस्त्री केली. कॉलर आधी.

स्मृतिदिनाला आम्ही पहाटे साडेपाचला निघालो. आमचे हे दुकानापाशी थांबले; एक माणूस मशीनजवळ लागतोच. बाबा कोट घालून, पदकं लावून, मांडीवर कागदाचं पुडकं घेऊन रिक्षात बसले. स्मारकापाशी पोचल्यावर मी सवयीने मागच्या फाटकाकडे वळले, तर म्हणाले, "पुढून."

पुढून गेलो. जाळीबाहेर कुणी नव्हतं.

बाबा थांबले. त्यांनी जाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. एक झाडूवाला, दोन कुत्री, एक फुगलेला बॅनर.

"उशीर झाला असेल तिला," मी म्हटलं.

"बासष्ट वर्षं झाला नाही."

त्यांचा हात माझ्या दंडावर होता, तो एकदम जड झाला. मला वाटलं, गेली असेल. सत्तरीची बाई, जाऊ शकते. म्हातारी माणसं अशीच जातात, आपला धीर गोळा होईपर्यंत थांबत नाहीत. बाबांच्या मनातही तेच असणार, कारण ते म्हणाले, "घरी जाऊ या का?"

तेवढ्यात फोनवरची मुलगी धावत आली. प्रत्यक्षात ती फोनपेक्षा लहान निघाली, डोळ्यांखाली काळं. "सर, या ना सर, तुमची पहिली रांग." आणि माझ्या कानाशी, "ताई, फार पंचाईत झालीय. माजी सैनिकांच्या तीस खुर्च्या मांडल्या जुन्याच यादीने, आणि येणारे सर एकटे. कॅमेऱ्यात रिकाम्या खुर्च्या फार वाईट दिसतात हो. म्हणून बाहेर जे होते ते सगळे आत बसवलेत. तुम्ही काही बोलू नका."

पहिल्या रांगेत खरंच माणसं बसली होती. एक फुगेवाला, फुगे खुर्चीखाली कोंबलेले. फिरायला आलेले तीन आजोबा. प्रत्येकाच्या छातीला 'सन्माननीय' लिहिलेली फीत. आणि बाबांच्या राखीव खुर्चीला लागून ती बसली होती. फुलं मांडीवर, फीत वाकडी लागलेली.

बाबा बसले. बसले म्हणजे मी बसवले. मी त्यांच्या पलीकडे. समारंभ सुरू व्हायला वीस मिनिटं होती. मला वाटलं, आता हे बोलणार नाहीत. परत एकदा मागच्या फाटकाने जाणार, बसल्या बसल्या.

बोलली तीच. "दर वर्षी बघते तुम्हाला. बाहेरून." आवाज कोरडा होता, पण वाईट नव्हता. "बासष्ट वर्षं बाहेर उभी राहिले, आणि यंदा खुर्च्या उरल्या म्हणून आत. नशीब कुठून उघडेल सांगता येत नाही बघा."

"ताई," बाबा म्हणाले. ती दहा वर्षांनी लहान, तरी ताई म्हणाले. "मी धुलाईघरात होतो. तुमच्या भावाला त्या दिवशीचा शर्ट मी दिला होता."

आणि मग त्यांनी सांगितलं. मला सांगितलं तसंच, पण रुमालांशिवाय. हात पुडक्यावर घट्ट. पाच-सात मिनिटांचंही सांगितलं. कारकून हं म्हणाला तेही. साहेबांना नाही साहेब म्हटलं तेही. काही वगळलं नाही. मी समोर बघत होते. समोर दोन माणसं माइकमध्ये 'एक दोन तीन' म्हणत होती.

त्यांचं सांगून झाल्यावर तिने फुलांच्या देठांना बांधलेला दोरा सोडला, परत बांधला.

"आई रात्री दाराला कडी घालत नव्हती," ती म्हणाली. "तो रात्री-अपरात्री लपत आला तर दार वाजवणार नाही, म्हणायची, नुसता ढकलून बघेल. दोनदा चोरी झाली आमच्याकडे. तरी नाही. अकरा वर्षांपूर्वी गेली, तोवर कडी नाही." तिने बाबांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "हे तुम्ही आईला सांगायला हवं होतं."

"हो."

"मला सांगून आता काय करू मी?"

पलीकडे एक आजोबा दुसऱ्याला विचारत होते, चहा देतात का इथे.

मग ती म्हणाली, "त्या पैलवानाच्या गावी नेलं, तिथे माणसं आली होती?"

"सगळं गाव आलं होतं म्हणे. बँड होता. बंदुकांची सलामी झाली."

"म्हणजे रडलं कुणीतरी."

"पुष्कळ."

तिने मान हलवली. "आमच्याकडे कुणी आलं नाही. पळालेल्याच्या घरी कोण येणार." आणि वेगळ्याच आवाजात, "तो शर्ट त्याला होत होता का?"

"फार मोठा होत होता. बाह्यांना घड्या घातल्या ना."

"हो, सांगितलंत. काही म्हणाला तेव्हा?"

बाबा विचारात पडले. हे त्यांना मी विचारलं नव्हतं, बहुतेक आईनेही नाही. "म्हणाला, आत अजून एक जण मावेल, तू पण चल."

तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला, हसल्यासारखा, आणि तसाच राहिला. तेव्हाच भोंगा वाजला. सात वाजून दहा. सगळे उभे राहिले. बाबांना मी एका बाजूने धरलं. दुसऱ्या बाजूला ती होती, तिने धरलं नाही. पण सरकलीही नाही.

भोंगा थांबल्यावर बाबांचं नाव पुकारलं. ते मघाशी उभे राहिले होते ते तसेच माइककडे गेले. तोंडापाशी माइक आणून दिल्यावर म्हणाले, "दोनशे एकतीस नंबरचा जवान पहारा सोडून गेला नव्हता. पहाऱ्यावर निघाला होता. त्याच्या अंगावर दुसऱ्याचा शर्ट होता, तो मी दिला होता. मी त्याला ओळखलं आणि बोललो नाही. त्याचं नाव दगडावर घाला." मग त्यांनी ते नाव घेतलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. त्यांना नाव माहीत होतं हे मला त्या दिवशी कळलं.

दोन मिनिटंही झाली नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यालाच वाजवतात तशा. फुगेवाल्याने जरा जास्त. मोठ्या साहेबांनी घड्याळ दिलं, ते खरंच मोठं होतं, मलाच पुढे होऊन धरावं लागलं. मग साहेब सव्वीस मिनिटं बोलले. बाबा काय म्हणाले ते त्यांनी ऐकलंच नव्हतं, कारण भाषणात दोनदा एकशे त्रेसष्ट हाच आकडा आला.

ऐकलं होतं ते एकट्या फोनवरच्या मुलीने. शेवटी सगळे चहाकडे पळाल्यावर ती आली. "सर जे बोलले ते लेखी लागेल. अर्ज आहे, तीन प्रती. पुरावा काही आहे का?"

बाबांनी पुडकं उघडलं. शर्ट तिला न देता बहिणीच्या मांडीवर ठेवला आणि कॉलर उलटी करून दाखवली.

"हा त्याचा. त्या दिवशी ओला होता तो. पुराव्याला लागला तर तुम्ही द्यायचा, नाहीतर नाही. तुमचा आहे."

तिने कापडावरून हात फिरवला, बाहीपर्यंत. शर्ट बारीक अंगाचा होता. एकोणीस वर्षांच्या मुलाचा. "इस्त्री कुणी केली?"

"दर वर्षी मी. यंदा हिने."

"बरी केलीय," ती म्हणाली, मला.

फुलं घेऊन ती दगडापाशी गेली. नेहमी जाळीतून आत टाकायची, ती वाऱ्याने कुठेही जायची. आज तिला हात पोचत होता, पण ठेवायची कुठे तेच कळेना. वरपासून खालपर्यंत नावं बघितली. मग पैलवानाच्या नावाखाली ठेवली आणि मागे वळून न बघता गेली. शर्ट काखेत होता.

अर्ज मी भरला, तीन प्रतींत, दुकानाच्या टेबलावर, इस्त्री आणि मळके कपडे दोन्ही बाजूंना सारून. 'अर्जदाराचे मृताशी नाते' असा रकाना होता. बाबांना विचारलं काय लिहू. ते म्हणाले, धुलाईघर. मी तेच लिहिलं. फोनवरच्या मुलीने कळवलं, समितीची बैठक पुढच्या वर्षी असते, तोवर काही सांगता येणार नाही.

"मग पुढच्या वर्षापर्यंत थांबायला हवं," बाबा म्हणाले. ते स्वतःबद्दल बोलत होते. मी म्हटलं, थांबा, घड्याळं भरपूर आहेत.

नंतरच्या पंधरा दिवसांत ते हलके वगैरे काही झाले नाहीत. लोक म्हणतात ना, बोललं की माणूस हलका होतो. बाबा झोपले खूप, एवढं खरं. खुर्चीत बसले की झोप. लांबच्या प्रवासाहून आल्यासारखी.

एके दिवशी दुपारी मी इस्त्री करत होते आणि दुकानाच्या दारात ती उभी. हातात पिशवी. पत्ता अर्जाच्या प्रतीवरून घेतला असणार, एक प्रत तिला पाठवली होती.

"लोकरीचा कोट आहे," तिने टेबलावर ठेवला. "धुऊन मिळेल ना?"

"मिळेल की. बसा ना."

"बसत नाही." बाबा खुर्चीत जागे झाले होते. त्यांच्याकडे न बघता ती म्हणाली, "मी माफ वगैरे केलेलं नाही. सांगून ठेवते."

"नका करू," बाबा म्हणाले.

"कोटाला चांगली लाँड्री हवी होती, म्हणून आले."

"हो."

मी पावतीचं पुस्तक ओढलं, पण बाबा उठले. टेबलाला धरून धरून आले, खणातून टाक आणि शाईची बाटली काढली. हल्ली आम्ही कागदी चिठ्ठी टाचतो. शाईचा नंबर घरच्या कपड्यांनाच. त्यांनी कोटाची कॉलर उलटी केली. मनगट दुसऱ्या हाताने धरलं आणि लिहिलं. बराच वेळ लागला. ती बघत होती.

२३१-१.

तिने वाकून वाचलं. बोट लावणार होती, बाबा म्हणाले, "ओली आहे अजून."

मग तिघंही शाई वाळायची वाट बघत उभे राहिलो. दुकानातलं घड्याळ सव्वाअकरा दाखवत होतं, दुपारचे तीन वाजले असतील.

"कधी मिळेल?" तिने मला विचारलं.

"बुधवारी."

"बुधवारी येते."

आमचं दुकानाचं दार नीट लागत नाही. गिऱ्हाईक बाहेर पडलं की ते अर्धवट उघडं राहतं आणि मला प्रत्येक वेळी इस्त्री ठेवून जावं लागतं. तिने बाहेर पडून दार ओढून घेतलं, मग नीट लागलंय का ते बाहेरून एकदा ढकलून पाहिलं, आणि गेली.